दोन बोटं आत

ऑस्टिनच्या घरी रविवारी जेवण झालं की सिनेमा लागतो. तेलुगू सिनेमा, हिंदीत बोलणारा. त्यातला एक त्याच्या खास आवडीचा. टीव्हीवर लागला नाही तर मोबाइलवरून लावतो. बघायला आम्ही तिघं. ऑस्टिन, त्याचे वडील बेनेडिक्ट आणि मी. मी चांदीपचा शांताराम. अडतीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यातली वीस बेनेडिक्टबरोबर. आता माझे गुडघे गेले. रविवारी बसने भुईगावला जातो, त्यांच्याकडे जेवतो, सिनेमा बघतो आणि परत येतो.

बेनेडिक्ट एक्याऐंशीचा. त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. म्हणून ऑस्टिन त्याच्या कानाशी बसून सिनेमा सांगतो.

"आता गाडीतून उतरला, बाबा. पांढरी लुंगी. समोर पन्नास माणसं."

"पन्नास?"

"चाळीस तरी आहेत."

"आणि बाप कुठाय?"

"बाप मेला ना बाबा. पहिल्या अर्ध्या तासातच मेला."

"हां," म्हणून बेनेडिक्ट डुलकी घ्यायला लागतो.

गोष्ट साधी आहे. गावातला एक मास्तर. दगडाच्या खाणीचा मालक त्याला भर गावात चपला काढून उन्हात उभा करतो. मास्तर त्या अपमानानं मरतो. वीस वर्षांनी मुलगा परत येतो, माणसांना मारत मारत मालकापर्यंत पोचतो आणि बापाच्या हार घातलेल्या फोटोपुढे त्याला गुडघ्यावर बसवतो. तिथं ऑस्टिन घास चावायचा थांबतो. त्याची बायको ज्युलिएट स्वयंपाकघरातून म्हणते, "त्या फोटोकडे किती बघायचं ते बघ. आपल्या लग्नाच्या फोटोवर जाळी धरलीय."

ऑस्टिन हसत नाही. त्याच्या मनात फोटो वेगळा होता आणि मालकही वेगळा होता.

भुईगावातच प्लासिडची वाडी आहे, केळी आणि नारळ. प्लासिड आणि बेनेडिक्ट एका वयाचे, शाळेत एका बाकावर, चर्चच्या गायनात एका रांगेत. प्लासिडच्या मुलीचं, रिटाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं वाडीत नवी विहीर काढली. बांधायला बेनेडिक्ट. नऊ फूट रुंद, वीस फूट खोल, आतून घडीव दगड. मी त्या कामावर नव्हतो, आमच्याकडे भातकापणी होती. लग्नाआधी विहीर पुरी झाली.

तिसऱ्या वर्षी समुद्राकडची बाजू आतून फुगली. एका सकाळी निम्मी भिंत पाण्यात गेली. आत कुणी नव्हतं, हे नशीब.

त्या रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, सुटल्यावर लोक चर्चच्या फाटकाशी उभे होते. कुणीतरी प्लासिडला विहिरीचं विचारलं. तो म्हणाला, "बेनेडिक्टचा हात आता ओळंब्यात नाही. वय झालं."

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ की वाकडी ते तो सांगतो, आणि त्याच्यापुढे वाद चालत नाही. गवंड्याचा हात ओळंब्यात नाही म्हणणं म्हणजे त्याला घरी बस म्हणणं.

ऑस्टिन तेव्हा बावीसचा. त्यानं प्लासिडची कॉलर धरली. म्हणाला, "हा शब्द तुला इथंच परत घ्यायला लावीन." लोकांनी सोडवलं. वडिलांच्या मित्राला तो 'तुला' म्हणाला, हे लोकांना कॉलरपेक्षा जास्त लागलं. बेनेडिक्ट दोन पावलांवर उभा होता. त्यानं टोपी घातली आणि घरी गेला.

त्यानंतर बेनेडिक्टला कुणी विहिरीला बोलावलं नाही. त्यानं गटारं बांधली, मोऱ्यांना लाद्या लावल्या, बंगल्यांची कुंपणं घातली. कुरकुर केली नाही. ऑस्टिन वसई पूर्वेला पाइपच्या कारखान्यात होता. ती नोकरी सोडून तो बापाच्या हाताखाली आला, आणि मुद्दाम विहिरीचंच काम शिकला. बाप शिकवायला कडक होता. विहीर गोल बांधायची तर मध्ये बांबू उभा करतात, त्याला तार बांधतात आणि तार फिरवत एकेका दगडाचं तोंड लावतात. एकदा तार घरी राहिली म्हणून ऑस्टिननं सुताची दोरी बांधली. बेनेडिक्टनं कोयत्यानं त्या दोरीचे तुकडे केले आणि त्याला तार आणायला परत पाठवलं. दोन किलोमीटर, उन्हात. शिकवावं तर असं.

ऑस्टिन चांगला गवंडी झाला. मी चांगला हा शब्द सहज वापरत नाही. दगड तो तीनदा फिरवून बघतो. बसला नाही तर घडतो, सिमेंटच्या मसाल्यानं भरून काढत नाही. आज नंदाखालपासून भुईगावपर्यंत दगडाची विहीर बांधणारा तो एकटा उरलाय.

त्याची आई गेल्यापासून बापाचं सगळं तोच करतो. काय करतो ते सांगतो. सहाला पाणी तापवतो. बापाला मोरीत स्टुलावर बसवून आंघोळ घालतो. पाठ, मान, मग पायाच्या बोटांच्या बेचक्या, आणि त्या कोरड्या होईपर्यंत पुसतो. शनिवारी दाढी आणि नखं. रविवारी मिस्साला चालत नेतो, कारण डॉक्टरनी चालवा सांगितलंय. दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना पाऊण तास लागतो. वाटेत प्लासिडचं घर आहे. तेवढ्या टप्प्यात ऑस्टिन बापाला रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं नेत असे. तेवीस वर्षं त्यांनी तो रस्ता असाच ओलांडला.

गेल्या डिसेंबरात बसथांब्यावर प्लासिडनं मला गाठलं.

"शांताराम, विहीर पुन्हा उभी करायचीय. बोअर मारली, खारं लागलं. नळाला पानी दिवसाआड. ऑस्टिनला विचार."

"तुम्हीच विचारा ना."

"आज शर्ट इस्त्रीचा आहे," म्हणाला आणि कॉलर चाचपली.

मी ऑस्टिनला सांगितलं. तो 'नाही' म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं थापी खाली ठेवली आणि म्हणाला, "करतो. पण माझी एक अट आहे."

त्याचा हिशेब तयार होता. विहिरीच्या तळाशी रेतीत जांभळाच्या लाकडाचं गोल कडं बसवतात, त्यावर भिंत उभी राहते. लग्नाच्या सुमाराला प्लासिडनं दांडगा पंप बसवला होता. ऑस्टिनचं म्हणणं, पंपानं पाण्याबरोबर कड्याखालची रेती ओढली, कडं एका बाजूला खचलं आणि भिंत गेली. बाप सरळच बांधून गेला होता. ती भिंत पंपानं पाडली. उरलेली निम्मी भिंत अजून उभी आहे. गाळ काढू, कड्याला पाण्याची नळी लावून पातळी बघू. कडं कललेलं निघालं तर प्लासिडनं रविवारी फाटकाशी उभं राहून शब्द परत घ्यायचा.

मी निरोप पोचवला. प्लासिडनं ऐकून घेतला. "कबूल आहे, सांग," म्हणाला.

जानेवारीत काम सुरू झालं. पाणी उपसायला पंप, गाळ ओढायला दोन माणसं, आत स्वतः ऑस्टिन. मी काठावर. नऊ दिवसांनी कडं लागलं. लाकूड काळं पडलेलं, पण शाबूत. ऑस्टिननं चारी बाजूंना नळी लावली. मग पुन्हा लावली.

"काय?" मी वरून विचारलं.

"सपाट आहे."

"नीट बघ."

"शांतारामदादा, चारदा बघितलं. सपाट आहे."

म्हणजे पंपाचा दोष नव्हता. त्यानं उभ्या असलेल्या भिंतीला ओळंबा सोडला. मीही शिडीनं खाली गेलो, गुडघ्यांना न विचारता. तळापासून खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत सुतासारखी होती. खांद्याच्या वर चार थर आत आलेले. दोन बोटं आत. आणि पाचव्या थरापासून भिंत हळूहळू बाहेर जात पुन्हा ओळंब्यात आली होती.

चार थर नुसते चुकले असते तर हात गेला म्हटलं असतं. पण पाचव्यापासून सावरलं होतं. म्हणजे लावणाऱ्याला चूक कळली होती. कळूनही त्यानं ते थर काढले नव्हते. हे मी ऑस्टिनला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तो त्या पाचव्या थरावर हात ठेवून उभा होता.

घरी बेनेडिक्टनं विचारलं, "लागलं का कडं?"

"गाळच काढतोय अजून," ऑस्टिन म्हणाला. दुसऱ्या दिवशीही हेच म्हणाला, तिसऱ्या दिवशीही. प्लासिडला त्यानं काहीच कळवलं नाही.

मग रविवार आला. जेवण झालं. सिनेमा लागला. ऑस्टिन बापाच्या कानाशी बसला.

"आता गाडीतून उतरला," म्हणाला आणि थांबला.

"पुढे?"

"पुढे तेच, बाबा."

"बंद कर ते," बेनेडिक्ट म्हणाला. ऑस्टिननं बंद केलं. "कडं सपाट निघालं ना?"

"गाळ खूप आहे..."

"नऊ फुटांच्या विहिरीला बारा दिवस गाळ? माझे डोळे गेलेत. गाळ किती असतो ते विसरलो नाही."



"खांद्याच्या वर चार थर आत," बेनेडिक्ट म्हणाला. "दोन बोटं. त्या दिवशी तार घरी राहिली. प्लासिडला लग्नाची घाई, मलाही त्याची घाई. सुताची दोरी बांधली. झऱ्याचं पाणी उडत होतं, दोरी भिजली. भिजलं की सूत आखडतं. आखडलं तसे दगड आत आले. चार थर झाल्यावर माझ्या लक्षात आलं."

"मग काढायचे होते," ऑस्टिन म्हणाला. मुलगा म्हणून नव्हे, गवंडी म्हणून.

"काढायचे होते. दोन दिवसांचं काम. मी कंटाळा केला."

आमच्या धंद्यात चूक सगळ्यांची होते. थकवाही सगळ्यांना येतो. थकलेला माणूस राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी पुरं करतो. कंटाळ्यानं सोडलेलं काम तसंच राहतं, आणि वरून सारवलं जातं. बेनेडिक्टनं आम्हाला वीस वर्षं हेच सांगितलं होतं. त्याच्या तोंडून तो शब्द स्वतःबद्दल ऐकणं मला जड गेलं. ऑस्टिनला किती गेलं असेल ते मी सांगू शकत नाही.

"मग सांगितलं का नाहीस? तेवीस वर्षं?"

"प्लासिड म्हणाला, वय झालं. वय होण्यात कुणाचा दोष नसतो. मला ते सोयीचं वाटलं. घरी जाऊन विचार करीन, उद्या त्याला जाऊन सांगीन, असं ठरवत होतो. तेवढ्यात तू कॉलर धरलीस. पोरगा माझ्यासाठी भर गावात भांडला. मग त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की पोरा, चूक माझी होती?"

"मला सांगायचंस बाबा. मी ऐकलं असतं."

"तू विचारायचंस. त्या सिनेमातल्या पोराचा बाप मेलाय, त्याला विचारता येत नाही. मी इथंच बसलोय. रोज मला आंघोळ घालतोस. एकदा तरी विचारायचंस." मग म्हणाला, "प्लासिडशी माझं काही भांडण नव्हतं रे. तुझं होतं. पण तू माझ्यासाठी भांडत होतास, म्हणून मी त्याच्याकडे गेलो नाही."

ज्युलिएट दारात उभी होती. म्हणाली, "बारा वर्षं हा सिनेमा बघतेय. आज पहिल्यांदा कळला." आणि चहा ठेवायला आत गेली.

ऑस्टिन उठला. मला वाटलं, बाहेर जाईल. तो नेलकटर घेऊन आला, बापाचा हात मांडीवर घेतला आणि नखं काढायला बसला. नखं आदल्या दिवशीच काढलेली होती. काढायला काही नव्हतं. बेनेडिक्टनं दहाही बोटं एकेक करून पुढे केली.

सोमवारी सकाळी ऑस्टिन प्लासिडच्या अंगणात गेला. मला बरोबर यायला सांगितलं. प्लासिड नारळ सोलत होता.

"प्लासिडकाका, कडं सपाट आहे. चूक बाबाची. मी तुमची कॉलर धरली, 'तुला' म्हणालो, ते चुकलं. रविवारी फाटकाशी तसं सांगतो."

प्लासिडनं कोयता खाली ठेवला. "म्हणजे पंप नव्हता?"

"पंप नव्हता."

"नक्की?"

"नक्की, काका."

म्हातारा खाली ओट्यावर बसला. "दुकानदार म्हणत होता तीन हॉर्सपॉवर पुरे. मी पाचचा घेतला, रिटाच्या सासरच्यांना दाखवायला. तू कॉलर धरलीस ना, त्या रात्रीपासून मला वाटत होतं, पोरगा बरोबर बोलतोय, पंपानंच केलं. माझ्या पंपापायी बेनेडिक्टची कामं गेली. म्हणून तर तुझी अट कबूल केली. म्हटलं, एकदाचं निघू दे." मग कपाळाचा घाम पुसला. "फाटकाशी काही सांगू नकोस. तेव्हा ऐकणारे अर्धे आता मागच्या दफनभूमीत आहेत. म्हाताऱ्याला आण इकडे. मला त्याला शिव्या द्यायच्यात."

दुपारी ऑस्टिन बापाला घेऊन आला. रस्ता ओलांडला नाही. प्लासिड फाटकात उभा होता.

"कोण? प्लासिड? जाडा झालास."

"तुला दिसत नाही म्हणे."

"आवाज जाडा झालाय."

प्लासिडनं त्याचा दंड धरला आणि विहिरीपाशी खुर्चीत नेऊन बसवलं. बेनेडिक्ट बसल्या बसल्या म्हणाला, "हात ओळंब्यात होता, प्लासिड. मी कंटाळा केला."

प्लासिडनं विचार केला. "मग ते वय होण्यापेक्षा वाईट."

"हो."

"म्हणजे फाटकाशी मी कमीच बोललो."

"कमीच बोललास."

दोघं हसले. त्यातून बेनेडिक्टला खोकला लागला. ऑस्टिन पाणी घेऊन धावला. प्लासिड म्हणाला, "सोड त्याला जरा. पाठ मी चोळतो."

काम चौतीस दिवस चाललं. ऑस्टिननं उभ्या भिंतीतले चार थर आणि त्यांच्यावरचे सगळे दगड काढले. फक्त पडलेली बाजू बांधून भागलं असतं. फुगलेल्या भिंतीला सिमेंट थापून पुढची तीस वर्षं निघाली असती. त्यानं तसं केलं नाही. जुने दगड धुतले, फुटलेले बाजूला टाकले, नवे घडले. कड्यापासून वरपर्यंत तार फिरवली. मी रोज जाऊन बसायचो. दोन ठिकाणी मला शंका आली, दोन्ही वेळा त्यानं दगड काढून दाखवला. बेनेडिक्ट आणि प्लासिड शेजारी खुर्च्या टाकून बसायचे. काय बोलायचे ते मी ऐकलं नाही. बहुतेक वेळ काहीच बोलत नसावेत.

शेवटच्या दिवशी काठावरचा वरचा थर चालू होता. जमिनीपासून मांडीएवढी उंची. बेनेडिक्टनं खुर्ची काठाला लावून घेतली आणि म्हणाला, "एक दगड मला दे."

ऑस्टिननं मसाला पसरला आणि दगड त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं दगडाचं तोंड बोटांनी चाचपलं, शेजारच्या दगडाची कड अंगठ्यानं शोधली आणि ठेवला. थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकला. ठोका बरोबर जागी पडत होता.

ऑस्टिननं तार फिरवली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याला थोडा वेळ लागला.

"बाबा, अर्धं बोट आत."

"राहू दे रे," प्लासिड म्हणाला. "काठावरचाच आहे. कोनाला दिसतंय?"

"काढ," बेनेडिक्ट म्हणाला.

ऑस्टिननं दगड उचलला, मसाला खरवडला, दगड बादलीत धुतला आणि पुन्हा बापाच्या हातात दिला. दुसऱ्यांदा दगड बाहेर गेला. तिसऱ्यांदा पुन्हा आत आला, थोडासाच. दर वेळी ऑस्टिननं किती ते सांगितलं आणि दर वेळी म्हातारा म्हणाला, "काढ." त्याच्या कपाळावर घाम आला होता. ज्युलिएटनं पाठवलेला चहा गार झाला. कुणी घाई केली नाही.

चौथ्यांदा ऑस्टिन म्हणाला, "बसला."

बेनेडिक्टनं मान वळवली, मी कुठं बसलोय त्याचा अंदाज घेत. "शांताराम, तू बघ. हा माझा मुलगा आहे."

मी उठलो. तार हातात घेतली, पूर्ण फिरवली, त्या दगडापाशी थांबलो, पुन्हा फिरवली. दगड बसला होता.